अकरावा रकाना

बंगळूरुच्या दक्षिणेकडच्या एका तालुका कचेरीत ‘भूमी’ची खिडकी उघडण्याच्या बऱ्याच आधी रांग लागते. मी रांगेत नसते, रांगेच्या कडेला असते, भिंतीला टेकून. वहीत काय लिहिते हे विचारायला पहिल्या आठवड्यात बरेच जण आले, नंतर कोणी येईना. कोणाचे काम किती वेळात झाले, कोण रिकाम्या हाताने परतला आणि परतताना कारकून नेमके काय म्हणाला, एवढेच मी टिपते. शेवटची नोंद सर्वांत महत्त्वाची. ‘सिस्टिम तगोळल्ला’, म्हणजे सिस्टिम घेत नाही, हे वाक्य माझ्या वह्यांमध्ये इतक्यांदा आले आहे की आता मी त्याऐवजी फक्त फुली मारते.

माझा विषय कायदा आणि डिजिटलीकरण. नातेवाइकांना तो सायबर गुन्ह्यांचा वाटतो, त्यामुळे लग्नकार्यात लोक मला ओटीपी कसा चोरीला गेला ते सांगतात. खरे काम जमिनीच्या नोंदींचे आहे आणि त्यासाठी कर्नाटकासारखी जागा नाही. २००२ च्या सुमारास या राज्याने साधारण ६७ लाख शेतकऱ्यांच्या सुमारे २ कोटी नोंदी संगणकावर चढवल्या आणि हाताने लिहिलेल्या उताऱ्यांची कायदेशीर किंमत काढून घेतली. आयएएस अधिकारी राजीव चावला यांनी ‘भूमी’ नावाचा तो प्रकल्प नेटाने रेटला, सॉफ्टवेअर एनआयसीने केले, उताऱ्याची फी १५ रुपये ठरली. खिडकीत दोन पडदे ठेवायची कल्पना तेव्हाचीच: एक कारकुनासमोर, दुसरा बाहेरच्या माणसाकडे वळवलेला, म्हणजे आपल्या नोंदीचे काय चालले आहे ते त्याला दिसावे. आपल्याकडे महाराष्ट्रात डिजिटल सहीचा सातबारा मिळायला १ मे २०१८ उजाडावा लागला.

कर्नाटकातल्या या उताऱ्याला आरटीसी म्हणतात, बोलीत पहणी. नवव्या रकान्यात मालकाचे नाव आणि अकराव्यात त्या जमिनीवरचे हक्क नि जबाबदाऱ्या: बँकेचे कर्ज, कोर्टाची स्थगिती, विक्रीवरची बंधने. सातबाऱ्यावरच्या ‘इतर हक्कां’चा हा सख्खा भाऊ. जमीन कोणाची हे नववा रकाना सांगतो, पण तिचे काय करता येईल हे अकरावा ठरवतो. २०२४ च्या अखेरीस विजयपूर जिल्ह्यात काही शेतकऱ्यांच्या उताऱ्यांवर याच रकान्यात वक्फचा उल्लेख दिसला आणि त्यावरून राज्यभर रान पेटले. शेवटी शेतकऱ्यांना गेलेल्या नोटिसा मागे घ्या, असे मुख्यमंत्र्यांना सांगावे लागले. त्या वादाचे राजकारण सगळ्यांनी लिहिले. मला पडलेला प्रश्न कोरडा होता: ती ओळ तिथे टाइप करायचा अधिकार कोणत्या लॉगिनला होता?

हा प्रश्न कोरडा असला तरी पोकळ नाही. कर्नाटक जमीन महसूल अधिनियम, १९६४ चे कलम १३३ म्हणते की अधिकार अभिलेखातली नोंद, उलट सिद्ध होईपर्यंत, खरी मानायची. महाराष्ट्राच्या संहितेत कलम १५७ तेच सांगते. ही तरतूद लिहिली गेली तेव्हा नोंदीमागे एक माणूस होता, गावचा तलाठी, ज्याची शाई आणि ज्याचे अक्षर गाव ओळखत असे. तो लबाड असेल, पण सापडत असे. आता नोंद खरी मानायची ती कोणाच्या भरवशावर?

‘भूमी’वरचे दोन अभ्यास मी नव्या विद्यार्थ्यांना शेजारी शेजारी वाचायला देते. पहिला पब्लिक अफेअर्स सेंटर या बंगळूरुच्या संस्थेने २००२ मध्ये केला. खिडकीतून बाहेर पडणाऱ्यांना त्यांनी विचारले आणि उत्तर आले की काम सोपे झाले, लाच खूप कमी झाली. दुसरा २००७ चा, सॉलोमन बेंजामिन आणि सहकाऱ्यांचा. ते बंगळूरुच्या कडेच्या गावांत गेले आणि म्हणाले की नोंदी एका ठिकाणी आल्याने मोठ्या खरेदीदारांचीच सोय झाली, छोट्या शेतकऱ्याची ओढाताण वाढली, लाच गेली नाही. विद्यार्थी विचारतात, खरे कोणते? दोन्ही, असे मी सांगते, आणि ते नाराज होतात. उताऱ्याची प्रत मिळणे आणि उताऱ्यावरची नोंद बदलून मिळणे ही दोन वेगळी कामे आहेत. प्रतीच्या रांगेत उभे राहिलात तर ‘भूमी’ यशस्वी आहे. फेरफाराच्या रांगेत या, मग बोलू.

फेरफाराच्या रांगेतच मला एक आजोबा भेटले. तेलुगूभाषक, मला ‘अम्मा’ म्हणायचे. सोसायटीचे कर्ज फेडून झाले होते, दाखला पिशवीत होता, पण अकराव्या रकान्यातला बोजा उतरत नव्हता. कारकून उद्धट नव्हता. त्याने माझ्यासमोर प्रयत्न केला. पडद्यावर कर्जाचा जुना क्रमांक मागितला जात होता. तो क्रमांक हस्तलिखित वहीच्या काळातला, संगणकात चढवतानाच कुठे तरी राहून गेलेला. जागा रिकामी सोडली की पडदा पुढे जाईना. ‘घेत नाही,’ तो म्हणाला. आजोबांनी मान हलवली, जणू पावसाने दडी मारल्याचे कोणी सांगितले.

इथे माझ्यातली वकील जागी होते. याच अधिनियमाचे कलम १३६ सांगते की फेरफाराच्या आदेशाविरुद्ध सहायक आयुक्तांकडे अपील करता येते. अपिलाला आदेश लागतो. आदेशाला तारीख लागते, कारण मुदत त्या तारखेपासून मोजतात. आजोबांच्या हातात यातले काहीच नव्हते. त्यांना कोणी नाही म्हटले नव्हते; पडदा पुढे गेला नव्हता, इतकेच. कायद्याने दिलेला अपिलाचा हक्क अशा वेळी जागेवरच असतो आणि तरी वापरता येत नाही. माझे गेल्या काही वर्षांतले जवळजवळ सगळे लेखन या एका खाचेभोवती फिरते.

मग माग काढायचा. कर्ज क्रमांकाची ती जागा सक्तीची कोणी केली? कायद्यात ती नाही, नियमांत नाही, परिपत्रकात असावी म्हणून दहा रुपये भरून माहिती अधिकारात अर्ज केला. एका कार्यालयाने दुसरीकडे पाठवले, दुसऱ्याने सॉफ्टवेअरचा तपशील गोपनीय असल्याचे कळवले. ‘आधी आलेल्याचा अर्ज आधी’ हा ‘भूमी’चा गाजलेला नियमही असाच कोडमधून आला. त्याचे मी कौतुकच करते, कारण त्याने ओळखीपाळखीला चाप बसला. मात्र मुलीच्या फीसाठी तातडीने कर्ज हवे असलेल्या विधवेचा अर्ज वर घेण्याची मुभाही त्याच ओळीने गेली. हा बदल विधानसभेत चर्चेला आला असता तर कोणी तरी तिची बाजू मांडली असती.

पेशा म्हणून या कामाचे विचारले तर मी आधी विधेयकांची गोष्ट सांगते. के. एस. पुट्टस्वामी हे कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती होते. त्यांनी २०१२ मध्ये आधारविरुद्ध याचिका केली आणि तिच्यातून २४ ऑगस्ट २०१७ चा खासगीपणाचा निकाल आला. नऊ जणांच्या त्या पीठावर आपले बोबडे आणि चंद्रचूडही होते. लगोलग माहिती संरक्षणाच्या कायद्यावर संशोधनाची लाट आली. डिसेंबर २०१९ मध्ये विधेयक मांडले गेले. आमच्या पिढीने त्याच्या एकेका कलमावर शोधनिबंध लिहिले, काहींनी पीएचडीची प्रकरणे त्यावर बांधली. ३ ऑगस्ट २०२२ रोजी सरकारने ते विधेयक मागे घेतले. २०२३ मध्ये वेगळाच कायदा आला, आणि त्याने जाता जाता माहिती अधिकाराचे कलम ८(१)(जे) बदलून आमच्या हातातले हत्यारही बोथट केले. नागरभावीच्या नॅशनल लॉ स्कूलच्या आसपासच्या चहाच्या टपऱ्यांवर त्या दिवसांत फार उदास विनोद ऐकू येत. मी जमिनीकडे वळले त्यामागे हेही एक कारण आहे: कलम १३३ मागे घेतले जाण्याची भीती नाही.

न्यायालयांच्या माहितीवर काम करणाऱ्या मित्रांची दुःखे वेगळी. इथल्या ‘दक्ष’ संस्थेने प्रलंबित खटल्यांची मोजदाद करण्याची वाट घालून दिली. ई-कोर्टवर प्रत्येक खटल्याला सोळा अक्षरांचा सीएनआर क्रमांक असतो, त्यामुळे लांबून वाटते की बटण दाबले की झाले. जवळ गेल्यावर दिसते की एकाच कायद्याचे नाव प्रत्येक कोर्टातल्या कारकुनाने आपापल्या परीने लिहिले आहे. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने धनादेश न वटल्याचे ३५.१६ लाख खटले पडून असल्याचे नमूद केले. असा एखादा आकडा आपल्या जिल्ह्यापुरता काढायचा म्हटला तरी आधी स्पेलिंगे जुळवत बसावे लागते.

बेळगाव, खानापूर, निपाणीकडे गेले की मला वाटते माझे काम सोपे होईल, भाषा आपली आहे. होते उलटेच. उतारा कन्नडमध्ये, शेतकरी मराठी, आणि मध्ये झेरॉक्सवाला. फॉर्म तोच भरतो, नावाचे कन्नड रूपही तोच ठरवतो, मग आधारवरचे नाव आणि पहणीवरचे नाव जुळत नाही. २०२४ मध्ये उताऱ्यांना आधार जोडण्याची मोहीम निघाली तेव्हा हे घोळ वर आले. निस्तरायला तलाठ्यांनाच बसावे लागले, आणि त्याच वर्षी त्यांनी काम थांबवून आंदोलन केले. डझनभराहून अधिक अॅप आमच्या फोनवर लादली आहेत, ही त्यांची तक्रार होती. डिजिटल म्हणजे माणसांशिवाय, असे समजणाऱ्यांनी त्यांचे निवेदन वाचावे.

लेख नियतकालिकाकडे गेला की दोन परीक्षक असतात. एक विचारतो, यात कायदा कुठे आहे? दुसरा विचारतो, नमुना किती जणांचा? पहिल्याला मी कलम १३६ वर तीन पाने लिहून पाठवते. दुसऱ्याला सांगते की नाकारलेल्यांची यादी कोणत्याच कचेरीत नसते, म्हणून तर भिंतीला टेकून उभे राहावे लागते.

सध्या मी पौती खात्यावर, म्हणजे आपल्या वारस नोंदीवर, काम करते आहे. अनेक उतारे अजून मृतांच्या नावावर आहेत आणि सरकारने ती खाती बदलण्याची मोहीम घेतली आहे. एका तहसीलदारांना विचारले, यातले किती अर्ज तुम्ही नाकारता?

‘नाकारत नाही, मॅडम,’ ते म्हणाले. ‘पेंडिंग राहतात.’