गावांची यादी प्रोग्राममध्ये कोंबू नका

औंढा-वसमत रस्त्यावरचं शिरड शहापूर बाहेरच्यांना माहीत आहे ते मल्लिनाथ दिगंबर जैन मंदिरामुळे. बाकी हा सगळा हळदीचा पट्टा. समजा, इथल्या एखाद्या आडतीवर मुनीमजी संगणकावर शेतकऱ्याची पट्टी करताहेत. गावाच्या रकान्यात सकाळी ‘वसमत’, दुपारी ‘बसमत’, संध्याकाळी घाईत ‘वसमतनगर’. माणसाला ते एकच गाव. संगणक मात्र तीन गावांचा हिशोब वेगवेगळा मांडतो. म्हणून तिथे टाइप करायला जागाच ठेवायची नाही, खाली उघडणारी यादी द्यायची आणि त्यातूनच गाव निवडायला लावायचं.

यादी प्रोग्रामच्या आत लिहिली की दुखणं सुरू होतं. नावं बदलतात. १ मे १९९९ रोजी परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला. २०१४ मध्ये पालघर आला आणि राज्यातले जिल्हे ३६ झाले. औरंगाबाद, उस्मानाबाद, अहमदनगर ही नावं तर गेल्या काही वर्षांतच बदलली. दर वेळी प्रोग्राम करणाऱ्या पोराला नांदेडहून बोलवायचं का? यादी साध्या मजकुराच्या फाइलमध्ये, एका ओळीत एक नाव अशी ठेवली, तर मुनीमजीच नोटपॅड उघडून दुरुस्ती करतील.

विंडोजवर अशा कामासाठी ऑटोहॉटकी ही फुकट मिळणारी स्क्रिप्ट-भाषा सोयीची. ख्रिस मॅलेट यांनी ती २००३ मध्ये आणली. तिच्या दुसऱ्या आवृत्तीत काम तीन पायऱ्यांचं आहे. ‘फाइलरीड’ने फाइल वाचायची, ‘स्ट्रस्प्लिट’ने ओळी सुट्या करायच्या आणि तयार झालेला संच ‘ड्रॉपडाउनलिस्ट’ला द्यायचा. ‘कॉम्बोबॉक्स’ घेऊ नका. त्यात टाइपही करता येतं, म्हणजे बसमत पुन्हा दारात हजर.

वाट अडते ती देवनागरीपाशी. जुन्या नोटपॅडमध्ये ‘अँसी’ पद्धतीनं फाइल जपली की सगळ्या गावांच्या जागी प्रश्नचिन्हं उरतात, आणि ती नावं गेली ती गेलीच. २०१९ पासूनच्या विंडोज १० मध्ये नोटपॅड आपणहून यूटीएफ-८ वापरतं. तरीही वाचताना ‘यूटीएफ-८’ असं स्क्रिप्टला स्पष्ट सांगावं, नाहीतर शिरड शहापूरऐवजी पडद्यावर अगम्य चिन्हांची रांग दिसते.

दुसरी खोड ओळीच्या शेवटी दडलेली असते. विंडोजमध्ये ओळ संपते तिथे दोन अदृश्य चिन्हं असतात. नव्या ओळीच्या चिन्हावर तोडलं तरी दुसरं चिन्ह नावाला चिकटून राहतं. दिसायला ‘कुरुंदा’, पण तुलना केली की जुळत नाही. ‘स्ट्रस्प्लिट’ला हे चिन्ह गाळायलाही सांगता येतं. फाइलच्या शेवटी एन्टर दाबलेलं असेल तर यादीत कोरी ओळ येते. रिकाम्या ओळी गाळूनच यादी भरावी.

आणि क्रम! संगणक युनिकोडच्या क्रमांकाने लावतो. त्यामुळे ‘क्ष’ थेट ‘क’च्या पोटात जातो आणि क्षीरसागर आडनाव खंदारेंच्या आधी येतं. ‘ळ’ही ‘ल’ आणि ‘व’च्या मध्ये बसतो. आपल्या मुळाक्षरांत ळ, क्ष, ज्ञ शेवटी येतात. माझं मत विचाराल तर गावांच्या यादीला क्रमवारी लावायच्या भानगडीत पडूच नये. ज्या गावांचा माल रोज येतो ती फाइलमध्ये वर लिहावीत, बाकीची खाली.

यादी मोठी झाली की आधी तालुका, मग गाव. फाइलच्या प्रत्येक ओळीत ‘औंढा नागनाथ’, स्वल्पविराम, ‘जवळा बाजार’ असं लिहायचं. तालुका बदलला की गावांची जुनी यादी आधी ‘डिलीट’ने पुसायची आणि मगच नवी भरायची. पुसायचं राहिलं तर औंढ्याच्या गावांखाली वसमतचं हट्टा येऊन बसतं. फाइल जागेवर नसेल, तर तसं मराठीतच सांगणारी एक खिडकी उघडावी. इंग्रजी त्रुटीसंदेश पाहून मुनीमजी संगणक बंद करतील आणि जुनी वही काढतील.