वंचितांची पत आणि ओळख देणारा हात

सुमारे चाळीस वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावी मी बँक अधिकारी म्हणून नुकताच रुजू झालो होतो. आठवडी बाजाराच्या दिवशी भाजी विकणाऱ्या एक बाई काउंटरपाशी आल्या. पदराची गाठ सोडून त्यांनी काही नोटा व चिल्लर पुढे केली आणि खाते उघडायचे आहे, असे सांगितले. त्यांना सही येत नव्हती, त्यांच्याकडे राहत्या जागेचा कागद नव्हता आणि त्यांची ओळख देणारा खातेदारही नव्हता. मी नियमावर बोट ठेवून त्यांना परत पाठवले. जाताना त्या एवढेच म्हणाल्या, "सायेब, सावकार कागद न्हाई मागत."

तो सावकार सकाळी नव्वद रुपये देई आणि संध्याकाळी शंभर घेई. व्यापारी वाचकांना हा हिशेब समजावून सांगण्याची गरज नाही. दिवसाला अकरा टक्क्यांहून अधिक व्याज भरूनही जी स्त्री रोज कर्ज फेडते, तिच्याइतका खात्रीचा ऋणको कोणत्या बँकेला मिळेल? तिच्याजवळ पत होती, परंतु त्या पतीची ओळख देणारे कोणी नव्हते. बाजारातील आडते आमचेच खातेदार होते. त्यांच्यापैकी एकाला मी विचारले असते, तर काम झाले असते. मी विचारले नाही, ही खंत आजही मनात आहे.

समाजातील दुर्बल घटकांसाठी सामाजिक संस्था नेमके काय करतात, याचे उत्तर मला या प्रसंगात सापडते. शासनाजवळ योजना असतात, बँकेजवळ पैसा असतो, परंतु दाराबाहेर उभ्या असलेल्या माणसाला आत नेणारा कोणीतरी लागतो. सामाजिक संस्था तो दुवा होतात.

अहमदाबादेत इला भट्ट यांनी 1972 साली 'सेवा' ही असंघटित कष्टकरी स्त्रियांची संघटना उभारली. फेरीवाल्या, डोक्यावरून ओझे वाहणाऱ्या, घरी बसून विड्या वळणाऱ्या स्त्रिया तिच्या सभासद होत्या. बँका त्यांना दारात उभे करीत नसत. तेव्हा 1974 साली सुमारे 4,000 स्त्रियांनी प्रत्येकी 10 रुपयांचा भाग घेऊन स्वतःचीच सहकारी बँक स्थापन केली. निरक्षर खातेदाराची ओळख पटावी म्हणून पासबुकावर छायाचित्र लावण्याची सोय करण्यात आली. अडचण केवढी मोठी मानली जात होती आणि तिचा उपाय किती साधा होता!

आपल्या सातारा जिल्ह्यातील उदाहरण तर अधिक बोलके आहे. दुष्काळी माण तालुक्यातील म्हसवड येथे चेतना सिन्हा यांनी ग्रामीण स्त्रियांची सहकारी बँक काढण्याचा प्रयत्न केला. प्रवर्तक सभासदांपैकी अनेकींनी अंगठे उठवले होते, म्हणून रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज नाकारला. या स्त्रिया खचल्या नाहीत. त्यांनी अक्षरे गिरवली आणि त्या पुन्हा अधिकाऱ्यांपुढे गेल्या. आम्हाला कोणत्याही रकमेचे व्याज तोंडी काढायला सांगा आणि तुमचे अधिकारी यंत्राविना ते किती वेळात काढतात तेही पाहू, असे त्यांनी निर्भयपणे सुचवले. 1997 साली माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. बाजाराची वेळ मोडून बँकेत येणे म्हणजे दिवसाची कमाई बुडवणे होते, म्हणून बँकच त्यांच्या दारी जाऊ लागली.

पुढे हा विचार देशभर पसरला. स्वयंसेवी संस्थांनी बांधलेल्या बचत गटांचा अनुभव जमेस धरून नाबार्डने 1992 साली 500 गटांना बँकांशी जोडण्याचा प्रायोगिक प्रकल्प हाती घेतला. व्यक्तीजवळ तारण नसले, तरी गटाचा शब्द तारण ठरू शकतो, हे बँकांना पटू लागले.

मात्र कर्ज देणे म्हणजेच साहाय्य, असा समज घातक आहे. 2010 साली आंध्र प्रदेशात अनेक सूक्ष्मवित्त कंपन्यांनी एकाच घरात कर्जावर कर्ज दिले. वसुलीचा तगादा असह्य झाला आणि अखेरीस राज्य शासनाला वटहुकूम काढावा लागला. कंपनी कर्ज वाटून वसुलीस लागते. खरी संस्था आधी बचतीची सवय लावते, हिशेब शिकवते आणि गरज नसेल तेथे कर्ज घेऊ नका असेही सांगते. दोहोंतील फरक येथेच आहे.

दान देणे आपल्या घरांना नवे नाही. परंतु आपल्याजवळ पैशाखेरीज आणखी एक भांडवल आहे. खतावणी कशी ठेवावी, माल केव्हा भरावा, उधारी कोठे थांबवावी, हे ज्ञान आपल्या पिढ्यांनी पेढीवर बसून मिळवले आहे. एखाद्या बचत गटाला महिन्यातून दोन तास द्यावेत. त्यांचा माल आपल्या दुकानात ठेवावा आणि त्याचे पैसे वेळेवर चुकते करावेत. आपल्याकडील हमाल, मदतनीस व घरकाम करणाऱ्या बाई यांचे खाते आहे काय, विमा आहे काय, याची चौकशी करावी. देणगी देण्यापूर्वी संस्थेचा ताळेबंद जरूर मागावा. प्रामाणिक संस्थेला त्याचा राग येत नाही.

निवृत्तीनंतर मी दर रविवारी आमच्या भागातील एका बचत गटाची वही तपासतो. गेल्या महिन्यात गटात नव्याने आलेल्या एका भाजीवाल्या बाईंना घेऊन मी स्वतः बँकेत गेलो. आता खाते उघडण्यास खातेदाराची ओळख लागत नाही, तरीही शेजारी उभा राहिलो. चाळीस वर्षांपूर्वी हे काम बाजारातील कोणताही व्यापारी करू शकला असता; त्याला कोणी विचारले नव्हते. आज मी आपल्याला विचारत आहे.