तुरा आलेला ऊस तुटल्यावर पाचटाचे काय करावे?



तुरा पडलेल्या प्लॉटची तोड लवकर द्या, ही मागणी रास्तच आहे. तुरा आला की उसाची वाढ थांबते. पुढे दीड-दोन महिने ऊस बरा राहतो. मग पांगशा फुटतात, दशी पडते, वजन आणि साखर दोन्ही घटतात. पण तोड झाली, वाडे जनावरांना गेले, की संध्याकाळी रानात काडी पडते. "रान स्वच्छ केलं, साहेब," असे आम्हाला सांगतात.

ही स्वच्छता महागात पडते. एकरी ३ ते ४ टन पाचट निघते. टनामागे ४ ते ५ किलो नत्र असते, ते धुरात जाते. वरच्या थरातले जिवाणू होरपळतात, ओल उडते. मग युरियाची गोणी आपणच उधारीवर आणतो.

"पेटवलं की फूट एकसारखी येते," असे म्हणणाऱ्यांना पूर्वी आम्हीही अडवत नव्हतो. पण एकसारखी फूट आगीने येत नाही, बुडखा जमिनीलगत छाटल्याने येते. उंच बुडख्यावरचे डोळे फुटले तर फुटवे कमजोर राहतात. जमिनीतल्या डोळ्यांचा कोंब स्वतःच्या मुळ्या धरतो.

म्हणून पुढीलप्रमाणे करावे :

१. बुडख्यावरचे पाचट सरीत ओढावे. सरी अरुंद असल्यास एकाआड एक सरीत घालावे.

२. धारदार कोयत्याने बुडखे जमिनीलगत छाटावेत.

३. पाचटाच्या दर टनास ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट आणि शेणखतात मिसळलेले १ किलो पाचट कुजविणारे जिवाणू खत टाकून पाणी द्यावे. युरिया चुकवू नये. नाहीतर कुजताना पाचट पिकाचेच नत्र खाते.

४. खोडव्याची खते पहारीने भोके घेऊन, बुडख्याच्या बाजूला द्यावीत.

पाणी पुढे सरकत नाही, ही तक्रार खरी आहे. पहिल्या एक-दोन पाळ्यांना वेळ लागतो. पाचट दबले की पाणी नीट चालते, ओल टिकते आणि तणही कमी येते.

गवताळ वाढ किंवा काणी असलेल्या प्लॉटचा खोडवा मात्र ठेवू नये.

सगळे रान एकदम नको वाटत असेल, तर यंदा निम्मे तरी असे ठेवा. पुढच्या तोडीला दोन्ही भागांची वजने ताडून पाहा. काडी ओढण्याआधी गट ऑफिसला निरोप द्या. आम्ही बांधावर येऊ.