सव्वा तासाचा अर्धा दिवस

शेजारच्या काकूंची भाची लंडनला आणि मुलगा पॅरिसला. ‘एका फेरीत दोघांकडे होईल, मधे सव्वा तासाचं तर विमान!’ अशी त्यांची योजना होती. तिकिटाचा कागद हाती आला आणि काकू गोंधळल्या. लंडनहून दहाला निघणारे विमान पॅरिसला बारा वाजून वीस मिनिटांनी पोचत होते.

दोष विमानाचा नव्हता. पॅरिसचे घड्याळ लंडनच्या एक तास पुढे असते, एवढेच. उलट येताना दहाला निघालेला माणूस सव्वादहा-साडेदहाला उतरतो आणि हा तास फुकट मिळाल्यासारखा वाटतो.

दोन शहरांमधले सरळ अंतर सुमारे 344 किलोमीटर. प्रत्यक्ष आकाशात विमान तासभरही नसते. बाकीचा वेळ धावपट्टीपर्यंत रांगत जाण्यात आणि उतरल्यावर जागा मिळवण्यात जातो. शिवाय पॅरिस लंडनच्या आग्नेयेला आणि हीथ्रो विमानतळ लंडनच्या पश्चिमेला, म्हणजे प्रवासाची सुरुवात उलट दिशेने! पॅरिसचा शार्ल द गोल विमानतळही गावाबाहेर, पंचवीसेक किलोमीटरवर. त्यात दोन तास आधी हजेरी, तपासणी, सामानाची वाट पाहणे. दारापासून दारापर्यंत अर्धा दिवस सहज जातो.

25 ऑगस्ट 1919 रोजी या मार्गावर रोजची विमानसेवा सुरू झाली, तेव्हा हीथ्रोजवळच्याच हाउन्स्लो हीथच्या माळावरून ल बूर्झेला पोचायला सुमारे अडीच तास लागले. एकच प्रवासी आणि सोबत वर्तमानपत्रे, शिकारीचे पक्षी नि डेव्हनची घट्ट साय! विमाने वेगवान झाली, पण वाचलेला वेळ जमिनीवरच्या रांगांनी खाल्ला.

मग आगगाडी? खाडीखालचा बोगदा 1994 साली खुला झाला आणि त्याच वर्षी 14 नोव्हेंबरला युरोस्टार धावू लागली. तेव्हा तीन तास लागत. 2007 मध्ये इंग्लंडच्या बाजूचा वेगवान मार्ग पुरा झाल्यावर सव्वादोनच्या आसपास. चढायचे भर लंडनात, उतरायचे भर पॅरिसात. दोन्ही देशांची पासपोर्ट-तपासणी चढण्यापूर्वीच होते, त्यामुळे पॅरिसला उतरले की सरळ मुलाच्या गळ्यात पडता येते.

मात्र आपल्या पासपोर्टाला ब्रिटनचा व्हिसा वेगळा आणि फ्रान्ससाठी शेंगेन वेगळा. ही धावपळ कुठल्याच वेळापत्रकात छापलेली नसते. काकूंचे त्यात किती हेलपाटे झाले ते विचारू नका.

अखेर आगगाडी ठरली. बोगद्यातली वीसेक मिनिटे समुद्र दिसणार नाही, म्हणून त्या जरा हिरमुसल्या. खरा घोर वेगळाच होता. भाची मावसभावासाठी घरी कढवलेल्या तुपाची बरणी देणार होती. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर, 2021 पासून, तिथून दुधातुपाचे पदार्थ सामानात घालून फ्रान्सला नेता येत नाहीत.

‘अहो, पण त्या पहिल्या विमानात तर साय होती ना?’ काकू म्हणाल्या.