जुना ट्रॅक्टर आणि विम्याचा दावा

गळीत हंगाम तोंडावर आला की ट्रॅक्टरचा विमा घाईने उतरवला जातो. हप्ता कमी बसला म्हणून आपण खूश. पण गाडी उलटली की खरा हिशेब कळतो.

पाच वर्षांपुढच्या वाहनाची विमा-किंमत कंपनी व मालक यांनी आपसात ठरवायची असते. ती फार कमी धरली आणि दुरुस्तीचा खर्च तिच्या ७५ टक्क्यांवर गेला, तर गाडी 'पूर्ण नुकसान' धरतात. मग दुरुस्ती राहते बाजूला, हाती पडते ती कमी किंमतच. म्हणून हप्त्याआधी हा आकडा पाहा.

दुसरा मुद्दा घसाऱ्याचा. साध्या पॉलिसीत रबर, प्लॅस्टिक, बॅटरी यांवर ५० टक्के कपात. दहा वर्षांपुढच्या गाडीच्या लोखंडी भागांवरही तेवढीच. काचेवर मात्र नाही. नुसता तृतीय पक्ष विमा असेल, तर आपल्या गाडीचे काहीच मिळत नाही.

अपघात होताच फोटो काढा, कंपनीला कळवा. सर्व्हेअर पाहून जाईपर्यंत मिस्त्रीला पाना लावू देऊ नका. बदललेले भाग जपून ठेवा. दावा नाकारला तर लेखी कारण मागा. कंपनीकडे तक्रार करूनही महिन्याभरात दाद लागली नाही, तर विमा लोकपालाकडे विनामूल्य जाता येते. त्यांचे एक कार्यालय पुण्यात आहे. कागद जपा, हक्क सोडू नका, एवढेच आमचे सांगणे.