वेंधळ्यांची तीस वर्षं

जुलै १९९४ मध्ये अमेरिकेच्या ‘टाइम’ साप्ताहिकानं मुखपृष्ठावरूनच वाचकांना विचारलं होतं : पसारा आवरत नाही? लक्ष लागत नाही? मग हा डॉक्टरांचा विषय असू शकतो. त्याच वर्षी एडवर्ड हॅलोवेल आणि जॉन रेटी या मनोविकारतज्ज्ञांचं ‘ड्रिव्हन टु डिस्ट्रॅक्शन’ हे पुस्तक आलं. या दोघांनाही स्वतःला लक्ष न टिकण्याचा हा त्रास होता, आणि तो त्यांनी लपवला नव्हता. पुढच्या वर्षी जुलैअखेर भारतात पहिला मोबाइल कॉल झाला आणि १५ ऑगस्टला विदेश संचार निगमनं सामान्य माणसासाठी इंटरनेट खुलं केलं. म्हणजे तिकडे विकाराचं नाव लोकांपर्यंत पोहोचत होतं, तेव्हा इकडे लक्ष उडवणारी यंत्रं येऊन पोहोचली. नाव इकडे यायला आणखी वीसेक वर्षं लागली. हा क्रम उलटासुलटा झाल्यामुळेच की काय, आजही निम्म्या लोकांना वाटतं की प्रौढांमधला एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकण्याचा हा विकार, हे मोबाइलनं लावलेलं दुखणं आहे.

खरं तर मोबाइलच काय, रेडिओ यायच्या आधीपासून डॉक्टर याच्याबद्दल लिहीत आले आहेत. जॉर्ज स्टिल या इंग्रज बालरोगतज्ज्ञानं लंडनमध्ये अशा मुलांवर व्याख्यानं दिली ती १९०२ मध्ये. फक्त विषय कायम मुलांचा राहिला. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या निदानसूचीच्या १९६८ च्या आवृत्तीत तर लिहिलेलंच होतं की, पौगंडावस्थेत हे सहसा ओसरतं. मूल मोठं होईल, शहाणं होईल, असा सगळ्यांचाच हिशेब होता. तो खोटा पाडला युटामधल्या पॉल वेंडर आणि सहकाऱ्यांनी, १९७६ च्या प्रौढ रुग्णांवरच्या अभ्यासानं. आणि माँट्रियलमध्ये गॅब्रिएल वाइस आणि लिली हेक्टमन यांनी तीच मुलं मोठी होईपर्यंत त्यांचा माग ठेवून. मुलं मोठी झाली होती. धावपळ थांबली होती, पण फॉर्म अर्धवट राहत होते, नोकऱ्या बदलत होत्या, आणि डोक्यातला भोंगा चालूच होता.

आपल्याकडे नव्वदच्या दशकात यातलं काहीही कानावर नव्हतं. मी तेव्हा एका दैनिकात रात्रपाळीचा उपसंपादक होतो, आणि आता मागे पाहताना कळतं की, माझ्यासारख्या डोक्याला याहून सोयीची नोकरी शोधून सापडली नसती. साडेअकराला पान सोडायचं म्हणजे सोडायचं. फोन वाजतायत, तारा येतायत, मुख्य उपसंपादक डोक्यावर उभे. अशा वेळी डोकं लख्ख चालायचं. मथळे पटापट सुचायचे. तोच माणूस दुपारी घरी रजेचा दोन ओळींचा अर्ज लिहू शकत नसे.

विजेचं बिल घ्या. ते फ्रिजवर चुंबकाखाली लावलेलं असायचं, डोळ्यांसमोर राहावं म्हणून. तीन दिवसांत ते दिसेनासं व्हायचं. म्हणजे कागद तिथंच, पण नजर त्याच्यावरून भिंतीवरून फिरावी तशी फिरायची. पैसे खात्यात असायचे. भरणा केंद्र स्टेशनच्या वाटेवर. रोज त्याच्यावरून जायचो. एखाद्या दिवशी आठवण व्हायचीसुद्धा, नेमकी गाडी सुटल्यावर, मुंब्र्याच्या पुढे. मग शेवटच्या दिवशी रांगेत घामाघूम उभा. आई म्हणायची, ‘‘नोकरीत एवढा हुशार म्हणवतोस, मग घरातच काय होतं तुला?’’ प्रश्न रास्त होता. रसेल बार्कली यांच्यासारखे संशोधक अनेक वर्षं हेच सांगत आले आहेत की, काय करायचं हे या माणसांना पुरेपूर ठाऊक असतं. अडतं ते ठरलेल्या वेळी ते हातून घडण्यापाशी.

शेवटच्या दिवशी घडतं, त्याआधी घडत नाही, याचा खुलासा मला येल विद्यापीठातल्या एमी आर्न्स्टन यांच्या कामात सापडला. कपाळामागचा मेंदूचा भाग बेत आखतो, मन आवरतो, हातातलं काम धरून ठेवतो. त्याला डोपामिन आणि नॉरअॅड्रेनलिन ही रसायनं नेमक्या मापात लागतात. कमी पडली तर तो भाग ढिला, आणि फार झाली तरी ढिलाच. डेडलाइनची भीती कमतरता भरून काढते, म्हणून ऐन वेळी गाडी पळते. पण तोच ताण महिनोन्‌महिने चालू राहिला, घरी आजारपण, कचेरीत नोकरकपात, डोक्यावर हप्ते, की रसायनं मापाबाहेर जातात आणि होता तो आवरही सुटतो. ‘टेन्शनमध्येच माझं काम चांगलं होतं’ असं अभिमानानं सांगणारे सहकारी मी पुष्कळ पाहिले. चाळिशीच्या आसपास त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचं ते बंद पडलं. माझंही पडलं.

तोवर जगही बदललं होतं. स्क्रोल करताना पान संपूच नये ही युक्ती २००६ ची, आयफोन २००७ चा, व्हॉट्सअॅप २००९ चं, आणि सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आल्यावर डोंबिवलीच्या लोकलमध्ये पेपर उघडणारा माणूस शोधावा लागू लागला. कॅलिफोर्नियातल्या ग्लोरिया मार्क यांनी कचेरीतल्या लोकांच्या मागे बसून मोजमाप केलंय : २००४ मध्ये माणूस पडद्यावरच्या एका गोष्टीवर सरासरी अडीच मिनिटं टिकायचा, अलीकडच्या मोजणीत ४७ सेकंद. हे आकडे सरसकट सगळ्यांचे आहेत, हे महत्त्वाचं.

माझी खरी तक्रार इथूनच सुरू होते. सगळ्यांचंच लक्ष उडायला लागलं, आणि ज्यांचं ते जन्मापासून उडत होतं, त्यांच्यावर कुणी विश्वास ठेवेना. ‘‘अरे, हल्ली सगळ्यांनाच होतं ते,’’ हे वाक्य मी डॉक्टरांकडूनसुद्धा ऐकलंय. होतं सगळ्यांना, कबूल. पण फोन दुसऱ्या खोलीत ठेवला की बहुतेकांचं डोकं ताळ्यावर येतं. आमचं त्यानंतर खिडकीतून कावळा पाहायला जातं. जुळ्यांच्या अभ्यासांवरून या विकारात आनुवंशिकतेचा वाटा सुमारे ७४ टक्के धरतात. ते काही सिमकार्डातून येत नाही. फोनचा काहीच हात नाही असंही मी म्हणणार नाही. लॉस एंजेलिसमधल्या अडीच हजारांवर मुलांचा दोन वर्षं माग घेतलेला एक अभ्यास २०१८ मध्ये छापून आला. डिजिटल माध्यमांचा जास्त वापर करणाऱ्यांमध्ये पुढे ही लक्षणं अधिक दिसली. नातं आहे, कारण कोणतं आणि परिणाम कोणता, हे तेवढ्यानं ठरत नाही. ज्याला आधीच कंटाळा सोसत नाही, तो फोन जास्त उघडणार, हेही उघड आहे.

त्या अमेरिकी निदानसूचीतले नियम २०१३ मध्ये सैल झाले. लक्षणं वयाच्या सातव्या वर्षाआधीची हवीत ही अट बारापर्यंत आली, आणि सतरा आणि त्यावरच्या वयाच्यांना नऊपैकी सहाऐवजी पाच लक्षणं पुरेशी ठरली. त्यानंतर काही वर्षांनी मी मुंबईतल्या एका मनोविकारतज्ज्ञांकडे गेलो. तासभर बोलल्यावर बाईंनी विचारलं, ‘‘शाळेतलं काही आहे का तुमच्याकडे?’’ आमच्या आईनं पत्र्याच्या ट्रंकेत सगळी प्रगतिपुस्तकं जपून ठेवली होती. बाई चष्मा वर सरकवून एकेक शेरा वाचत गेल्या. ‘बुद्धी चांगली, पण चंचल.’ ‘वर्गात लक्ष नसते.’ ‘शुद्धलेखनाची वही हरवली आहे.’ ‘मनावर घेतल्यास पहिला येईल.’ तिसरीपासून सातवीपर्यंत पाच वेगवेगळ्या गुरुजींनी, एकमेकांशी न बोलता, जवळजवळ सारखंच लिहून ठेवलं होतं. गावात तेव्हा टीव्हीसुद्धा नव्हता. आई शेजारी बसून होती. ती म्हणाली, ‘‘मनावर घेत नाही म्हणून किती मारलंय याला.’’ बाईंनी त्यावर काही न बोलता प्रगतिपुस्तकांच्या झेरॉक्स काढायला सांगितल्या.

त्या दवाखान्याच्या बाकावर मला आणखी एक गोष्ट लक्षात आली. तिथं येणाऱ्या प्रौढांमध्ये बऱ्याच जणी मुलाला दाखवायला आलेल्या आया होत्या. मुलाबद्दलची प्रश्नावली भरता भरता कुणीतरी पेन थांबवायची. मुली वर्गात बाकावरून उठत नाहीत, दंगा करत नाहीत, खिडकीबाहेर बघत बसतात. त्यामुळे शाळेत त्या सुटतात. पुढे सासरी दूध उतू गेलं की ‘आईनं काही शिकवलं नाही’ इतकंच निदान होतं. डबे, औषधं, सासऱ्यांची तपासणी, गॅसचा नंबर, हळदीकुंकवाचं वाण, सगळं बाईनं डोक्यात धरायचं असा आपला रिवाज. ज्या डोक्यात धरून ठेवणंच जमत नाही, त्याचे हाल पुरुषापेक्षा जास्त होतात. मी विसरलो तर मी ‘लेखक माणूस’. तिला ती सवलत नाही.

औषधाचा अनुभव थोडक्यात सांगतो. मेथिलफेनिडेट हे या विकारातलं जुनं आणि बऱ्याच जणांना लागू पडणारं औषध, पण आपल्याकडे ते अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्याच्या कक्षेत येतं. दुकानदाराला डॉक्टरांच्या चिठ्ठीची एक प्रत ठेवून घ्यावी लागते, आणि कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये ते असेलच असं नाही. म्हणजे ज्याला कागद सांभाळता येत नाहीत, त्यानंच दर महिन्याला नवा कागद घेऊन गावभर फिरायचं! अॅटोमॉक्सेटिन मिळायला सोपं, त्याचा असर यायला मात्र काही आठवडे लागतात. कामाच्या ठिकाणी सवलत मागावी म्हटलं, तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या २१ प्रकारांत अध्ययनअक्षमता आहे, स्वमग्नता आहे, एडीएचडीचं वेगळं नाव नाही.

मग २०२० आलं. मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि ओळखीतल्या, तोवर धडधाकट वाटणाऱ्या कित्येकांचा कडेलोट झाला. ठरलेली लोकल, डबा, पंचिंग, शेजारच्या टेबलावरचा सहकारी, साहेबाची फेरी, यांच्यावर त्यांचा दिवस उभा होता. घरून काम सुरू झालं आणि परांची काढल्यासारखं झालं. त्याच वर्षी जुलैमध्ये इन्स्टाग्रामनं भारतात रील्स आणल्या. निदान सांगणाऱ्या रील्सही ओघानं आल्या. टिकटॉकवरच्या या विषयाच्या १०० लोकप्रिय व्हिडिओंची छाननी करून कॅनडातल्या संशोधकांनी २०२२ मध्ये दाखवून दिलं की, त्यातले ५२ दिशाभूल करणारे होते. तरी मी त्या रील्सना सरसकट मोडीत काढणार नाही. माझ्या भाचीला पहिला संशय रीलवरूनच आला. पुढचं काम डॉक्टरांनी केलं. थायरॉइड, झोप, नैराश्य, चिंता हे सगळं आधी तपासावं लागतं, कारण लक्ष त्यांच्यामुळेही उडतं. तेवढी सवड साठ सेकंदांच्या व्हिडिओत नसते.

सध्या माझं कसं चाललंय? बिलं बँकेतून आपोआप कापली जातात, हा गेल्या तीस वर्षांतला यंत्रयुगाचा माझ्यावरचा सगळ्यात मोठा उपकार. भिंतीवर काट्यांचं मोठं घड्याळ आहे, कारण किती वेळ उरला ते आकड्यांच्या घड्याळात मला दिसत नाही. आणि भाषांतराचं काम मी घरी करत नाही. स्टेशनजवळ एक अभ्यासिका आहे. ट्यूबलाइट, प्लायवूडचे कप्पे, बाहेर पायताणांचा ढीग, फोन दारातल्या खणात ठेवायचा नियम. आजूबाजूला चाळीसेक पोरं मान खाली घालून वाचत असली की माझीही मान आपसूक खाली जाते. चालक महिन्याचे पैसे घेताना पहिल्या दिवशी म्हणाला, ‘‘काका, एमपीएससीची वयोमर्यादा माहितीय ना?’’ मी म्हटलं, माहितीय. त्यानं पावती फाडली आणि पंख्याखालची जागा दिली.