चिनी विद्यार्थी आणि इंग्रजीची परीक्षा

परीक्षा घेऊन माणसाची योग्यता ठरविण्याची पद्धत चीनमध्ये फार जुनी आहे. राजसेवेत प्रवेश देण्यासाठी तेथे घेतल्या जाणाऱ्या परीक्षा सुमारे १,३०० वर्षे चालू होत्या. १९०५ साली त्या बंद झाल्या. या परीक्षांत प्राचीन ग्रंथांचे ज्ञान पाहिले जाई. परकीय भाषेला त्यांत स्थान नव्हते. पुढे १८५८ सालच्या त्येनत्सिनच्या तहात, ब्रिटनशी होणाऱ्या व्यवहारात इंग्रजी मजकूरच प्रमाण मानला जाईल असे कलम आले आणि इंग्रजी जाणणाऱ्या अधिकाऱ्यांची निकड चिनी दरबाराला भासू लागली. १८६२ साली बीजिंगमध्ये थुंगवेन क्वान ही परकीय भाषांची शाळा निघाली, ती या गरजेतूनच.

१९४९ नंतरच्या पहिल्या दशकात रशियन भाषेला अग्रस्थान मिळाले. १९६६ साली सांस्कृतिक क्रांती सुरू झाली आणि विद्यापीठांच्या प्रवेशपरीक्षाच थांबल्या. ‘गाओखाओ’ या नावाने ओळखली जाणारी राष्ट्रीय प्रवेशपरीक्षा १९७७ साली पुन्हा सुरू झाली, तेव्हा सुमारे ५७ लाख उमेदवार बसले आणि त्यांपैकी सुमारे २ लाख ७० हजारांना प्रवेश मिळाला. १९७८ साली परकीय भाषेचे गुण केवळ माहितीपुरते नोंदले जात, एकूण बेरजेत धरले जात नसत. पुढे त्यांचे वजन वर्षानुवर्षे वाढत गेले आणि १९८३ सालापासून ते पूर्णपणे धरले जाऊ लागले. २००१ साली शिक्षण मंत्रालयाने तिसऱ्या इयत्तेपासून इंग्रजी शिकविण्याचे धोरण स्वीकारले.

बहुतेक प्रांतांत गाओखाओच्या एकूण ७५० गुणांपैकी १५० गुण परकीय भाषेचे असतात. रशियन, जपानी, जर्मन, फ्रेंच किंवा स्पॅनिश घेण्याची मुभा असली, तरी बहुसंख्य विद्यार्थी इंग्रजीच घेतात. २०२४ साली या परीक्षेसाठी १ कोटी ३४ लाखांहून अधिक उमेदवारांची नोंद झाली होती. ज्या परीक्षेत थोड्या गुणांच्या फरकाने विद्यापीठ बदलते, तिच्यात इंग्रजीचे १५० गुण एखाद्या खेड्यातील मुलाच्या पुढील आयुष्याची दिशा ठरवू शकतात. विद्यापीठात गेल्यावर १९८७ साली सुरू झालेली ‘चौथ्या पातळीची’ इंग्रजी परीक्षा समोर येते. आणि परदेशी शिकावयास जावयाचे असल्यास टोफेल अथवा आयेल्ट्स यांपैकी एक परीक्षा द्यावी लागते.

मातृभाषेचा हात

या परीक्षांत चिनी विद्यार्थी ज्या चुका करतो, त्या सामान्यतः निष्काळजीपणाच्या मानल्या जातात. वस्तुतः त्यांतील फार मोठा भाग मातृभाषेच्या सवयींतून आलेला असतो. चिनी भाषेत शब्दाचे रूप सहसा बदलत नाही. नामाला लिंग अथवा विभक्ती नाही, वस्तुवाचक नामाला अनेकवचनाचा प्रत्यय नाही; क्रियापद पुरुष, वचन व काळ यांप्रमाणे बदलत नाही. ‘काल मी जाणे’, ‘आज मी जाणे’, ‘उद्या मी जाणे’ अशा धर्तीची रचना तेथे निर्दोष ठरते, कारण काळाचे काम ‘काल’ आणि ‘उद्या’ या शब्दांनी केलेलेच असते.

एक साधे उदाहरण घेऊ. ‘शेतकरी डोंगरावर चहा लावणे’ अशा अर्थाचे एक चिनी वाक्य आहे, असे समजा. शेतकरी एक की अनेक? डोंगर कोणता, पूर्वी उल्लेखिलेला की कोणताही? चहा लावला, लावतात की लावीत होते? चिनी वाक्याला यांतील एकाही प्रश्नाचे उत्तर देण्याची सक्ती नाही. संदर्भ ते काम करतो. मराठीतही ‘शेतकरी’ हा शब्द दोन्ही वचनांत सारखाच राहतो. परंतु ‘लावतो’ किंवा ‘लावतात’ म्हणताच वचन उघड होते. इंग्रजीत तर नाम, उपपद आणि क्रियापद या तिन्ही ठिकाणी निवड केल्यावाचून वाक्य पूर्णच होत नाही. चौथ्या पातळीच्या परीक्षेत २०१३ सालच्या डिसेंबरपासून एक संपूर्ण चिनी उतारा इंग्रजीत अनुवादण्यास दिला जातो. या उताऱ्यात विद्यार्थ्याची खरी कसोटी लागते, ती अवघड शब्दांमुळे नव्हे, तर अशा न विचारलेल्या प्रश्नांमुळे.

चिनीत ‘ल’ असा एक लहानसा शब्द क्रियापदानंतर येतो. तो भूतकाळाची खूण आहे असे विद्यार्थ्याला वाटते आणि तो दिसेल तेथे इंग्रजी भूतकाळ लिहितो. प्रत्यक्षात हा शब्द काळ दाखवीत नसून क्रिया पुरी झाल्याचे दाखवितो. मराठीत ‘उद्या मी जेवलो की निघेन’ असे आपण म्हणतो, तेव्हा ‘जेवलो’ हे रूप भूतकाळाचे असूनही गोष्ट उद्याची असते. चिनी ‘ल’चा व्यवहार पुष्कळसा असाच आहे.

सर्वनामांची गोष्टही अशीच. ‘तो’, ‘ती’ आणि ‘ते’ या तिन्हींसाठी चिनी बोलीत ‘था’ हा एकच उच्चार आहे. भेद आहे तो केवळ लिहिण्यात. म्हणून इंग्रजी उत्तम जाणणारा चिनी विद्यार्थीही तोंडी परीक्षेत आपल्या आईविषयी बोलताना मध्येच ‘ही’ म्हणून जातो. नियम त्याला ठाऊक असतो. परंतु बोलताना हा भेद करण्याची सवय त्याच्या मनाला लागलेली नसते.

काही अडचणी भारतीय वाचकाला मात्र ओळखीच्या वाटतील. ‘जरी’ म्हटले की ‘तरी’ आले पाहिजे, ही मराठीची रीत आहे. चिनीतही अशी जोडी आहे. त्यामुळे ‘ऑल्दो’ने सुरू झालेल्या इंग्रजी वाक्यात चिनी विद्यार्थी पुढे ‘बट’ घालतो आणि गुण गमावतो. ‘तू गेला नाहीस ना?’ या प्रश्नाला ‘हो, नाही गेलो’ असे उत्तर मराठी माणूस देतो, तसेच चिनी माणूसही देतो. इंग्रजीत मात्र तेथे ‘नो’ म्हणावे लागते. तसेच ‘काल बाजारातून आणलेले पुस्तक’ या मराठी रचनेप्रमाणे चिनीतही सारे वर्णन नामाच्या आधी येते. इंग्रजीत ते नामाच्या मागून येत असल्यामुळे लांब वाक्य वाचताना विद्यार्थ्याला उलट्या दिशेने विचार करावा लागतो.

कानाची आणि जिभेची अडचण

उच्चारांच्या बाबतीत प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो. प्रमाण चिनीत शब्दावयवाचा शेवट स्वराने, ‘न्’ने, ‘ङ्’ने किंवा क्वचित ‘र्’ने होतो, अन्य व्यंजन शेवटी येत नाही आणि जोडाक्षरांची गर्दी तर नसतेच. उलट इंग्रजीतील ‘आस्क्ट’ या रूपाच्या अखेरीस तीन व्यंजने एकापुढे एक येतात. विद्यार्थी एक तर त्यांतील एखादे गाळतो किंवा मध्ये स्वर घालून सोडवणूक करून घेतो. इंग्रजीत अनेकवचनाचा ‘स्’ आणि भूतकाळाचा ‘ट्’ अथवा ‘ड्’ नेमके शब्दाच्या अखेरीस येतात. म्हणजे जे भेद चिनी व्याकरणात नाहीत, तेच चिनी कानाला ऐकू येण्यास आणि चिनी जिभेला उच्चारण्यास कठीण अशा जागी बसलेले आहेत. व्याकरण कितीही घोकले, तरी कान तयार झाल्यावाचून ही अडचण सुटत नाही.

सर्वच चिनी भाषकांच्या अडचणी एकसारख्या असतात असेही नाही. कॅन्टनी बोलणाऱ्याच्या भाषेत शब्दान्ती ‘प्’, ‘ट्’, ‘क्’ यांच्यासारखी व्यंजने आहेत. त्यामुळे तो या जागी काहीसा सुस्थितीत असतो. सिच्वान, हूनान यांसारख्या प्रांतांतील अनेकांच्या बोलीत ‘न’ आणि ‘ल’ यांची गल्लत होते, तीच त्यांच्या इंग्रजीत उतरते. म्हणून एकच पुस्तक साऱ्या देशाला सारखेच उपयोगी पडेल, ही अपेक्षा फोल आहे.

श्रवणाच्या प्रश्नांत आकडे हमखास घात करतात. चिनी गणनेत हजारानंतरचा टप्पा दहा हजारांचा असून त्याला ‘वान्’ म्हणतात. त्यापुढील मोठा टप्पा दहा कोटींचा. त्यामुळे इंग्रजीत १३० हजार ऐकले की विद्यार्थ्याला त्याचे १३ वान् करून घ्यावे लागते. लाख-कोटींत मोजणाऱ्या भारतीयालाही मिलियन ऐकताना क्षणभर थांबावे लागते. परीक्षेत ध्वनिफीत त्या क्षणासाठी थांबत नाही आणि विद्यार्थ्याचे पुढील वाक्य निसटते.

शब्दांची यादी

चिनी विद्यार्थ्याच्या तयारीचे सर्वांत ठळक चिन्ह म्हणजे शब्दसंग्रहाचे पुस्तक. अनेक पुस्तके वर्णानुक्रमाने रचलेली असल्यामुळे ‘अबॅन्डन’, म्हणजे ‘सोडून देणे’, हा शब्द आरंभीच भेटतो. पहिल्याच दिवशी सोडून देण्यास शिकलो, असा विनोद तेथील विद्यार्थी पिढ्यान्‌पिढ्या करीत आले आहेत.

या घोकंपट्टीला हसण्यापूर्वी तिचे कारण पाहिले पाहिजे. चिनीत मोठे शब्द ओळखीच्या लहान शब्दांपासून बनतात. दूरध्वनी म्हणजे ‘वीज-बोलणे’. डुकराचे मांस म्हणजे सरळ ‘डुक्कर-मांस’. इंग्रजीत मात्र ‘पिग’पासून ‘पोर्क’ ओळखता येत नाही. फ्रेंच, लॅटिन व ग्रीकमधून आलेल्या अशा शब्दांचे धागे जर्मन किंवा स्पॅनिश विद्यार्थ्याला आपल्या भाषेत सापडतात. चिनी विद्यार्थ्याला प्रत्येक शब्द नव्याने मिळवावा लागतो. शिवाय हजारो चिन्हे पुन्हापुन्हा लिहून पाठ करण्याची शिस्त त्याला बालपणापासून लागलेली असते आणि तीच तो येथे वापरतो. धातू, उपसर्ग व प्रत्यय ओळखून शब्द शिकण्याची पद्धत तेथे लोकप्रिय झाली, याचे कारणही हेच: अपरिचित इंग्रजी शब्दाला ती चिनी शब्दासारखी उघड घडण मिळवून देते.

यादीचा दोष वेगळाच आहे. ती शब्दाचा अर्थ देते, पण त्याची सोबत देत नाही. कोणत्या क्रियापदापुढे कोणते शब्दयोगी अव्यय येते, कोणत्या नामाशी कोणते विशेषण शोभते, हे वाक्यांवाचून कळत नाही. त्यामुळे उताऱ्यात शब्द भेटला की विद्यार्थी तो ओळखतो. स्वतः लिहिताना मात्र तो हाताशी येत नाही. आयेल्ट्सच्या प्रसिद्ध होणाऱ्या सरासरींत चीनमधील उमेदवारांचे वाचनाचे गुण लेखनाच्या व संभाषणाच्या गुणांपेक्षा वरचे दिसतात, ते यामुळेच.

मुकी इंग्रजी

या अवस्थेला चिनी लोकांनी स्वतःच नाव दिले आहे: ‘याबा यिंग्यू’, म्हणजे मुकी इंग्रजी. वाचता येते, परीक्षेत गुण मिळतात, पण तोंड उघडत नाही. ही कोंडी फोडण्याचे प्रयत्नही तेथेच झाले. पहाटे विद्यापीठाच्या आवारात मोठ्याने इंग्रजी वाचणारे विद्यार्थी हे तेथील परिचित दृश्य आहे. अनोळखी माणसे एकत्र जमून इंग्रजीत गप्पा मारतात, अशा ‘इंग्रजी कोपऱ्यां’ची प्रथाही रूढ झाली, बीजिंगच्या रनमिन विद्यापीठातील कोपरा विशेष प्रसिद्ध आहे.

परीक्षेच्या बाजाराने मात्र वेगळी वाट दाखविली. खाजगी शिकवणी वर्गांत निबंधाचे तयार साचे मिळू लागले: आरंभ ठरलेला, जोडवाक्ये ठरलेली, समारोप ठरलेला, मध्ये विषयाचे नाव तेवढे भरावयाचे. साचा घाबरलेल्या विद्यार्थ्याला धीर देतो, हे खरे. तथापि परीक्षकापुढे तेच वाक्य शेकडो वेळा आलेले असते. आयेल्ट्सच्या निबंधात ४० मिनिटांत किमान २५० शब्द लिहावयाचे असतात आणि पाठ केलेला मजकूर ओळखून त्याचे गुण कमी करण्याची सूचना परीक्षकांना असते. संभाषणाच्या परीक्षेत तर परीक्षक समोर बसून ११ ते १४ मिनिटे बोलतो. पाठ केलेले भाषण सुरू झाले की तो मध्येच ‘का?’ असे विचारतो आणि तेथे पाठांतर संपते.

उपयोगी पडणारी तयारी

यावरून पाठांतर टाकून द्यावे असा निष्कर्ष निघत नाही. चिनी विद्यार्थ्याची स्मरणशक्ती व चिकाटी हे त्याचे भांडवल आहे. प्रश्न ते कोठे गुंतवावे एवढाच आहे. सुटा शब्द पाठ करण्याऐवजी तो ज्या वाक्यात आला ते वाक्य पाठ केल्यास उपपद, वचन आणि शब्दांची सोबत ही तिन्ही एकदम हाती लागतात. चिनी शाळांतून श्रुतलेखनाची प्रथा आहेच. तीच इंग्रजीसाठी वापरून, ऐकलेले वाक्य शब्दान्तीच्या ‘स्’सह जसेच्या तसे लिहून काढल्यास कान आणि व्याकरण एकत्र तयार होतात. उतारा वाचून झाल्यावर पुस्तक मिटून तो आपल्या शब्दांत सांगणे, हा मुकेपणावरचा साधा उपाय आहे.

लेखन तपासण्याचीही एक रीत आहे. सर्व चुका एकाच वाचनात शोधू गेल्यास डोळा मातृभाषेच्या सवयीने त्यांवरून घसरतो. म्हणून एकदा केवळ क्रियापदे पाहावीत आणि प्रत्येकाला ‘केव्हा?’ हा प्रश्न विचारावा. दुसऱ्यांदा केवळ नामे पाहावीत आणि ‘किती? कोणते?’ असे विचारावे, तिसऱ्यांदा सर्वनामे. इंग्रजी भाषा जे प्रश्न न बोलता विचारते, ते विद्यार्थ्याने प्रथम मुद्दाम विचारावयाचे असतात. काही महिन्यांनी ते आपोआप विचारले जाऊ लागतात आणि तेव्हा निबंध दुसऱ्यांदा वाचण्यास वेळ उरला नाही, तरी फारसे बिघडत नाही.

आपल्या चुकांचे मूळ आपल्या भाषेत आहे, हे कळल्याने विद्यार्थ्याला आणखी एक लाभ होतो. आपण मंद आहोत, ही भीती जाते. काळ आणि वचन यांचा भार न वाहताही एक समर्थ भाषा सहस्रावधी वर्षे काव्य, इतिहास आणि राज्यकारभार चालवीत आली आहे. तिच्यात वाढलेल्या मुलाला दुसऱ्या भाषेचा हा भार उचलण्यास वेळ लागणारच. परीक्षेच्या वेळापत्रकात हा वेळ मोजून दिलेला नसतो. तो शिक्षकाने आणि पालकांनी आधीच्या वर्षांतून काढून द्यावा लागतो.